चारही बटणं शून्यावर होती

सुरुवातीलाच सांगतो, मागाहून वाद नको. भूत, चकवा, करणी यातलं मी काहीएक मानत नाही. अकोल्यात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. "रेडिओतून आमच्या गेलेल्या आजोबांचा आवाज येतो" असं सांगत आलेल्या दोघांना मी पायरीवरूनच पिटाळलं होतं. दोन्ही वेळा दोष कंडेन्सरमध्ये निघाला. तुमच्या मासिकातल्या या सदरात दर महिन्याला पांढऱ्या साडीतल्या बायांचे जे अनुभव छापून येतात, ते मी सूनबाईंना मोठ्याने वाचून दाखवतो आणि दोघं पोट धरून हसतो. माझा स्वभाव तापट आहे, हेही कबूल करून टाकतो. तरी आज लिहायला बसलो... कारण जिच्यासाठी इतकी वर्षं गप्प होतो ती माझी धाकटी बहीण यमू गेल्या महिन्यात वारली.

गोष्ट मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातली. दुसरी जागतिक लढाई नुकतीच संपली होती आणि लष्कराचं जुनं सामान जागोजागी विकायला निघालं होतं. त्यात मला एक मिक्सर मिळाला. आता मिक्सर म्हटलं की आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी आठवते, पण हा तो नव्हे. जेवणाच्या डब्याहून जराशी मोठी, खाकी रंगाची लोखंडी पेटी. दोन-तीन माइकांचे आवाज एकत्र आणायचे, कुणाला किती वर ठेवायचं ते ठरवायचं, आणि सगळं मिळून एका वायरीने ॲम्प्लिफायरला द्यायचं, की तिथून भोंग्यात. तीन माइकांची तीन बटणं, चौथं सगळ्यांच्या वरचं, आणि मधोमध काचेआड एक काटा. आवाज पेटीतून बाहेर चालला की काटा हलणार, नाही तर झोपून राहणार. त्या वेळी अख्ख्या अकोल्यात अशी पेटी दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि मी ती तळहाताच्या फोडासारखी जपत असे.

वापरायचे माझे नियम कडक. चारही बटणं शून्यावर असल्याशिवाय वीज सोडायची नाही. चालू करताना आधी मिक्सर, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट, आधी ॲम्प्लिफायर. क्रम चुकला की भोंग्यात ठाप्पकन दणका बसतो आणि आतला पडदा फाटतो. माइकच्या वायरी विजेच्या वायरीपासून हातभर लांब. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे अर्थिंग... जमिनीत लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून भरपूर पाणी. ते नसलं तर माइकला ओठ लागताच झटका बसतो. एका गवयाचा ओठ असा भाजलेला मी पाहिला आहे, आणि तो भोंगा ज्याचा होता त्या माणसाशी मी नंतर कधी बोललो नाही.

यमू अमरावतीला दिली होती. बडनेरा रस्त्याला सासरचा मळा, वांगी, गोबी, दसऱ्याला झेंडू. तिचा नवरा सदाशिव हा तरुणपणी पहिलवान. पुढे कुस्त्या सोडल्या, पण दंगलीत, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, पंच म्हणून त्यालाच बोलवत, कारण तो कुणाच्या बापाला भीत नसे. त्या वर्षी मळ्याजवळच्या आखाड्याची दंगल मोठी भरणार होती आणि भोंगा लावायचं काम त्याने मला आणलं. बहिणीच्या घरचं काम... मी पेट्या रेल्वेत टाकल्या आणि बडनेऱ्याला उतरलो.

सकाळी आम्ही दोघंच आखाड्यावर होतो. वीज शेजारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून घ्यायची होती. अर्थिंगचा खड्डा खणून पाइप गाडला आणि सदाशिवला बादलीने पाणी मारायला सांगितलं. दहा जणांना अस्मान दाखवलेला हा माणूस, पण विजेला लहान लेकरासारखा भ्यायचा. बादली घेऊन दोन हात लांबच उभा. मला म्हणाला, "भाऊ, मले झटका त नाही बसन?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "पानी मारा, जवाई." त्याने जरासं शिंपडलं. मग मी म्हणत गेलो, "मारा... मारा. अजून मारा. भेऊ नका, काई होत नाही. मी हावो ना इथं."

हे शब्द नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे पाणी शिंपडायचं नसतं, मारायचं असतं. आणि लहान बहिणीचा नवरा म्हणजे जवाई, त्याला अरे-तुरे करायची रीत नाही. दोस्त असता तर "मार" म्हटलं असतं. जवाई म्हणून "मारा" म्हटलं. आणखी एक... त्या वेळी मिक्सर खोक्यात बंद होता, माइक फडक्यात गुंडाळलेले होते आणि जिनिंगमधून वीज अजून आलेलीसुद्धा नव्हती. आवाज साठवून ठेवणारं यंत्र मी तोवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

दुपारी कुस्त्या सुरू झाल्या. हजारावर माणूस असेल. एक माइक पुकारा करणाऱ्या गुरुजींकडे, दुसरा पंचाजवळ काठीला बांधलेला, तिसरी जागा रिकामी. मी आखाड्याच्या कडेला टेबल टाकून बसलो होतो. शेवटची जोड आमच्या आखाड्याचा पोरगा आणि अंजनगावकडून आलेला पहिलवान यांची. फार रानटी कुस्ती झाली ती. आमच्याने डोक्याने त्याचं नाक फोडलं, त्याने याचा कान जवळपास उपटला, दोघं रक्ताने माखले आणि लोकांना त्याचीच चव लागली. अखेर पाहुण्याने याला उचलून आपटला. क्षणभर पाठ टेकली, लगेच सुटली. सदाशिवने हात वर केला... पाहुणा जिंकला.

आमच्या बाजूचे लोक आखाड्यात घुसले. पाठ लागलीच नाही, पंच फितूर झाला, असा गिल्ला सुरू झाला. त्यात शेजारी होते, सदाशिवच्याच विहिरीवर पाणी भरणारे होते. सदाशिव जागचा हलला नाही. पाठ लागली ते मी पाहिलं, एवढंच तो सांगत राहिला. दोघांनी पंचाचा माइक खेचला, वायर तटकन तुटली. गुरुजींनी आपला माइक खाली ठेवला आणि ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

भांडण पेटलं की आधी आवाज खाली, हाही माझा नियम. माइकवरून एक शिवी गेली की आग लागते. मी चारही बटणं शून्यावर आणली, स्वतःच्या हाताने, एकेक. मग तुटलेली वायर ओढून घेतली आणि तिचं टोक दातांनी सोलायला लागलो. म्हणजे माझ्या तोंडात वायर होती. गुरुजी हातभर अंतरावरून पाहत होते.

तेव्हा भोंगा बोलला.

"मारा."

आवाज माझा होता. मी वायर तोंडात धरून तसाच वर पाहत राहिलो. गर्दीही थबकली, सगळ्यांची तोंडं भोंग्याकडे. पुन्हा, अगदी शांत आवाजात, मागे किंचित हसू असलेल्या... "मारा. अजून मारा. भेऊ नका, काई होत नाही. मी हावो ना इथं."

मी बटणं पाहिली. चारही शून्यावर. आणि काचेआड काटा नाचत होता.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "त्याच्या बायकोचा भाऊच सांगून राहिला, मारा म्हून." ते वाक्य मी या कानांनी ऐकलं. पुढच्या क्षणी मांडवाचे बांबू उपटले गेले. पहिला बांबू सदाशिवच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. एकाने आखाड्यातला व्यायामाचा जड लाकडी मुद्गल उचलला. तो डोक्यात बसल्याचा आवाज मला एवढ्या कल्ल्यातही वेगळा ऐकू आला, सुकं लाकूड फोडल्यासारखा. भोंगा बोलतच होता. मी ॲम्प्लिफायर बंद केला तेव्हा तो थांबला. मग मिक्सर बंद केला. मग जिनिंगकडची वायर काढली. लोक टेबलावर रेटत होते, म्हणून पेटी छातीशी धरून नेली, सामान आणलेल्या बैलगाडीखाली सरकवली आणि वर घोंगडं टाकलं. एवढ्या गोंधळातही माझा क्रम चुकला नाही.

मग मी धावलो. माइकची लोखंडी काठी होती, ती जो समोर आला त्याच्यावर चालवली. एकाचं हाड मोडलं, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तोवर सदाशिव खाली पडला होता आणि लोक पांगायला लागले होते. त्याचे दात त्याच्याच हातात होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

फौजदाराने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि "मारा" म्हणायला लावलं. मी म्हटलं. वीस माणसांनी सांगितलं, हाच तो आवाज. गुरुजी मात्र हटले नाहीत. याच्या तोंडात वायर होती आणि माझा माइक जमिनीवर होता, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. माझ्या ओठाला तार लागून झालेली जखमही ताजी होती. म्हणून मी सुटलो, तिघांना शिक्षा झाली. फौजदाराने निष्कर्ष काढला, गर्दीचा भास. मग काटा कुणाच्या भासाने हलत होता, हे मी त्याला विचारलं. त्याने मला बाहेर जायला सांगितलं.

मी पेटी स्क्रू-स्क्रू सुटी केली. नागपूरच्या एका इंजिनिअरला दाखवली. तो म्हणाला, वायरीवर कधी कधी रेडिओ स्टेशन पकडतं. मी विचारलं, कोणत्या स्टेशनवर त्या दिवशी मी बोलत होतो? आणि चिडून उठून आलो. पुढे कितीतरी वर्षं मी तोच मिक्सर लग्नांत, सभांत वापरला. पुन्हा कधी काही झालं नाही.

यमूने तो आवाज मळ्यात ऐकला होता. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर तिने मला एकदाच विचारलं, "भाऊ, तू बोलला?" मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली, आणि तो विषय तिच्याकडून तिथे मिटला. साऱ्या अमरावतीने मला मेव्हण्याला मारवणारा म्हटलं, पण तिने मरेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला. दर हंगामात अकोल्याला टोपलीभर वांगी पाठवायची. तिला कधी सांगितलं नाही ते असं...

सदाशिव नऊ दिवस जगला. चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला तेव्हा यमू पाणी आणायला गेली होती. जबडा बांधलेला, एक डोळा मिटलेला. मला वाटलं, शिव्या देईल. मी आधीच हात जोडून सांगायला लागलो की ते मी बोललो नव्हतो. त्याने बोट हलवून मला थांबवलं.

"मले पयता येत होतं, भाऊ," तो बांधलेल्या जबड्यातून कसंबसं म्हणाला. "मांगं कपाशीची पऱ्हाटीच उभी होती. पन तुमचा आवाज आयकला. भेऊ नका, मी हावो इथं... म्हटलं, भाऊ मलेच सांगून राहिले. म्हून उभाच राह्यलो."

मग रागाने नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "तुमी आले काहून नाही?"

यमू तांब्या घेऊन आत आली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. बोलायची त्याला ताकद राहिली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तो आवाज कुठून आला याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ आजही नाही, आणि तुमच्यापैकी कुणी दिलं तर मी वाद घालीन, मानणार नाही. पण जवाईंनी मला ते विचारलंच नव्हतं. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला त्या क्षणीही ठाऊक होतं. मी पेटीवर घोंगडं टाकत होतो.