मायाळूच्या वेलीसाठी सातारा ते सांगली

मागच्या महिन्यात गच्चीतल्या मायाळूचा फोटो टाकला, तर तुमच्यातल्या तिघीचौघींनी विचारलं, वेल आणली कुठून? आणली सांगलीकडून, एस.टी.नं, मांडीवर धरून. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. तेव्हा आम्ही साताऱ्यात राहायचो, माझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मी एक मोठा घोळ घालून ठेवला होता.

गणपती तोंडावर आले होते. सासूबाई पुण्याला लेकीकडे गेलेल्या, रविवारी परतायच्या होत्या. त्या यायच्या आत घर चकाचक करायचं या हौसेनं मी परसातल्या भिंतीला चुना मारायला माणूस लावला. तो म्हणाला, "वहिनी, ही वेल काढू का? भिंत सोडत न्हाई." खालचं खोड जाड, गाठीगाठीचं, पानं सगळी वर कौलांवर गेलेली. मला वाटलं, रानवेल असेल. म्हटलं, काढा. त्यानं मुळासकट उपटली आणि नगरपालिकेच्या गाडीत टाकून दिली. मी वर त्याला चहा पाजला!

दुसऱ्या दिवशी शेजारीण वाटी घेऊन आली. धाकट्याचं तोंड आलंय, मायाळूची चार पानं हवीत म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.  सासूबाईंना हवा बदलली की अंगावर पित्त उठायचं, गांध्या यायच्या. डॉक्टरची गोळी त्या घेत, पण पहिला हात जायचा मायाळूकडे. पानांचा रस अंगाला चोळायचा आणि रात्री तीच भाजी, मूगडाळ घालून पातळ. "ही अक्कीची वेल," असं त्या नेहमी सांगायच्या. अक्की म्हणजे अक्काताई, त्यांच्या माहेरच्या गावची बालमैत्रीण. सासूबाई मला लेकीसारखं वागवत होत्या आणि त्यांची एवढी एक जपलेली वस्तू मी कचऱ्यात घातली होती.

नवरा म्हणाला, "अगं, एक वेल ती! कीड लागली म्हणून सांग." मंडईत शोधली, तिथंही नव्हती. मग मी ठरवलं. अक्काताईंकडून तीच वेल आणायची, भिंतीपाशी लावायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

गुरुवारी सकाळची एस.टी. पकडली. तेव्हाचा रस्ता म्हणजे आताचा हायवे नव्हे. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आम्ही. उंब्रजला शेंगावाल्या बायका खिडकीशी आल्या. कराडला गाडी एवढी थांबली की खाली उतरून मिसळ खाऊन झाली. पेठ नाक्याला वळल्यावर मात्र दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हळदीची रुंद पानं, आणि डोळ्यांना गारवा. तिकिटाचा आकडा आता आठवत नाही, पण जाणं-येणं आणि येताना भडंगाचा पुडा, सगळं शंभराच्या नोटेत आरामात बसलं. सांगलीहून दुसरी गाडी धरून कृष्णाकाठच्या त्या गावात पोचेपर्यंत चार वाजले.

अक्काताईंचं घर जैन शेतकऱ्याचं. स्वच्छ सारवलेलं अंगण, एका बाजूला हळदीचं कोठार. साठीच्या, काटक बाई. मी सासूबाईंचं नाव सांगून साताऱ्याचे कंदी पेढे पुढे केले. त्यांनी पुडा कपाळाला लावला आणि नातवाला देऊन टाकला.

"मी बाहेरचं खात न्हाई गं, चातुर्मास हाय. तू कुशीची सून व्हय? बस. दिवस मावळायच्या आत जेवून घे, मग बोलू."

ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि वर तुपाची धार. कांदा-लसूण काही नाही, पण चव अशी की मी लाज सोडून तिसरी भाकरी मागितली. जेवताना कुंपणाकडे नजर गेली आणि हात थांबला. मायाळू! हिरवीगार, मांसल पानं, वेल नुसती ओसंडत होती. मी कशासाठी आले ते एका दमात सांगून टाकलं.

"तुमची तांबड्या देठाची का हिरव्या?" अक्काताईंनी विचारलं.

मला सांगता येईना. दोन वर्षं त्या वेलीची भाजी खाल्ली, भजी खाल्ली, पण पानं नेहमी सासूबाईच खुडून आणायच्या, मी देठाचा रंग काही बघितला नव्हता. माझा चेहरा बघून त्या हसल्या. "हिरवी. मीच दिली की. पर आता कशी देऊ? चार महिने पालेभाजी खायची न्हाई, खुडायची न्हाई. माझा नेम हाय."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. मुक्कामाच्या तयारीनं एवढं लांब येऊन, वेल समोर आणि हात रिकामे. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. "आवं अक्का, कशाला पोरीचा जीव टांगून ठेवताय? सांगा की."

ती शालन, शेजारची. तिच्याकडून कळलं ते असं. दरवर्षी आषाढात अक्काताई वेलीचे शेंडे हळूच उचलून कुंपणावरून शालनच्या बाजूला वळवतात. मूळ इकडे, पाणी घालायचं इकडून, पण चार महिने पानं शालनच्या घरची. कार्तिकात वेल परत अलीकडे. वीस वर्षं असं चाललेलं.

"माझ्या अंगणातलं मी तोडती," शालन म्हणाली. "आमाला काय नेम न्हाई. सकाळी ये, पायजे तेवढी ने."

अक्काताईंनी माझं ताट उचललं. मग माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"शालन देईल. पर माझी एक अट हाय. कुशीला सांगूनच लावायची."

"अक्काताई, त्या चिडतील हो. माझ्यावरचा विश्वासच उडेल त्यांचा."

"चिडू दे की. मागं एकदा मी बिनसांगता लावायला वेल दिली व्हती एकीला. लय वर्सं झाली, अजून मनातनं जात न्हाई. तुला ते वझं कशाला?" कोणाला दिली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मान डोलावली खरी, पण मनात म्हटलं, साताऱ्याला गेल्यावर बघू.

शुक्रवारी सकाळी शालननं विळ्यानं तीन जाड फांद्या कापल्या. अक्काताई तोंड फिरवून उभ्या होत्या, पण ओली माती आणि केळीच्या खोडाचं सोपट त्यांनीच आणून ठेवलेलं. बांधतानाची सूचनाही त्यांचीच, पाठमोऱ्या उभ्या राहून. "लय आवळू नको गं, शालन!"

परतीच्या गाडीत शेजारी एक धोतरवाले आजोबा होते. मांडीवरचं गाठोडं बघून म्हणाले, "मायाळू व्हय? तोंड आल्यावर लय झ्याक. कुणाची आणली?" मी म्हटलं, "सासूबाईंच्या मैत्रिणीची." "मग सासू खूश!" म्हणाले आणि उंब्रजला उतरून गेले. मला मात्र साताऱ्यापर्यंत एकच सुचत राहिलं. नुसतं म्हणायला काय जातंय, "पावसानं वेल जरा बसली." एवढंच वाक्य. कराडपासून ते मी वीस वेळा घोकलं होतं.

रविवारी सासूबाई रिक्षातून उतरल्या. हातातली पिशवी घेताघेताच माझ्या तोंडून निघालं, "आई, तुमची वेल मी उपटून टाकली. चुकून. अक्काताईंकडून दुसरी आणलीये."

 त्या तडक परसात गेल्या. तेलाच्या डब्यात तीन फांद्या माना टाकून उभ्या होत्या. सासूबाई वाकल्या आणि सगळ्यांत बऱ्या फांदीचा शेंडा नखानं खुडून टाकला.

"अहो आई!" मी ओरडलेच.

"शेंडा खुडल्याशिवाय फुटवा येत नाही," त्या म्हणाल्या. मग पायरीवर बसल्या. "अक्कीनं सांगायला लावलं ना तुला?"

"हो."

"मला नव्हतं लावलं. माझ्या सासूबाईंची अशीच वेल होती इथं. भाताची उकळती पेज ओतली मी मुळाशी, नवी होते तेव्हा. अक्कीकडून गुपचूप आणून लावली. आज सांगू, उद्या सांगू करत राहूनच गेलं. शेवटच्या आजारपणात त्या माझा हात धरून म्हणाल्या, कुसुम, माझी वेल तू जपलीस गं."  मी जवळ बसले, दुसरं काय करणार?

वेल जगली. खुडलेल्या जागेखालून दोन फुटवे आले, दिवाळीपर्यंत भिंत झाकली गेली. पुढे आम्ही साताऱ्याहून इकडे फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा तिची फांदी सोबत आली. सासूबाई आता नाहीत. त्या प्रवासातला ऊस आठवतो, तिसरी भाकरी आठवते, आणि घोकलेलं वाक्य ऐनवेळी तोंडाशी आलं नाही याचं अजून बरं वाटतं. तुम्हाला वेल हवी तर या, फांदी देते. फक्त उपटलीत तर मला कळवा, रागावणार नाही.

त्या रविवारी चहा झाल्यावर सासूबाईंनी पोस्टकार्ड मागून घेतलं. पत्त्याखेरीज त्यावर दोनच ओळी होत्या. मीच ते पेटीत टाकलं, म्हणून मला ठाऊक.

"अक्के, सुनेनं सांगितलं. आज तिच्यासमोर मीही सांगितलं."