मागच्या चाकांवरचं वजन

एल्वीचं आणि माझं काम एकच होतं. आमच्या खोऱ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी सकाळी जायचं, चूल पेटवायची, औषध द्यायचं, लापशी शिजवून समोर ठेवायची, कुणाची अंघोळ, कुणाच्या पायाची जखम. मी लग्न करून ग्रानत्रेस्क या उत्तरेकडच्या गावी आले तेव्हा एल्वी पन्नाशीकडे झुकलेली होती आणि त्या रस्त्यांवर तिची निम्मी हयात गेली होती. मी आले होते समुद्राकाठच्या शहरातून. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि बर्फ दुपारपर्यंत चिखल होऊन जातो. इथे ऑक्टोबरात पडलेला बर्फ मे महिन्यात जायचा.

त्या काळी बहुतेकांकडे जुन्या व्होल्वो होत्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या. गाडी दणकट, पण सगळा भार पुढे इंजिनाशी. मागचा भाग हलका, आणि ढकलायचं काम मात्र त्यालाच. एल्वी म्हणायची, "घरात जो सगळ्यात कमी जेवतो त्यालाच लाकडं फोडायला लावल्यासारखं आहे हे. आधी त्याला खाऊ घाल."

खाऊ घालणं म्हणजे वाळूची पोती. पहिल्या वर्षी तिनंच माझी गाडी तयार करून दिली. आधी बर्फावर पकड घेणारे खिळ्यांचे टायर, चारही सारखे. माझ्या नवऱ्यानं दोनच आणले होते, तर तिनं त्याला माझ्यादेखत परत पाठवलं. वाळू उन्हाळ्यातच भरून कोरडी ठेवलेली, कारण ओली वाळू गोठली की नुसता दगड होतो आणि चाकाखाली टाकायला उपयोगी पडत नाही. पोती डिकीच्या टोकाला ठेवायची नाहीत, मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवायची, आणि आडवी फळी ठोकून पक्की करायची, नाहीतर वळणावर तीच पोती गाडीला घेऊन जातात. मग आखूड दांड्याचं फावडं, दोर, जुन्या सतरंजीचा तुकडा, लोकरीचं पांघरूण, मेणबत्ती. दारं आणि कुलपं गोठून बसू नयेत म्हणून दाराच्या रबरांना ग्लिसरीन चोळलं, कुलपात थेंबभर स्पिरिट सोडलं. हे सगळं ती बोलत बोलत करत होती, गावातल्या कुणाचं कुणाशी पटत नाही ते सांगत.

गावाजवळचं तळं पुरतं गोठल्यावर तिनं मला त्याच्या बर्फावर नेलं आणि जोरात वळायला लावलं. गाडीनं गर्रकन गिरकी घेतली. मी ब्रेक दाबला, तर आणखी एक गिरकी. एल्वी शेजारी बसून खळखळून हसत होती.

"तोंड एकीकडे आणि ढुंगण दुसरीकडे," ती म्हणाली. "अगं, ब्रेक सोड. जिकडे जायचंय तिकडे बघ आणि स्टिअरिंग तिकडे फिरव. घाबरून झाडाकडे बघशील तर झाडावरच जाशील."

असं तिनं मला सबंध दुपार फिरवलं. पुढे मी बरीच वर्षं त्या रस्त्यांवर गाडी चालवली आणि एकदाही रस्त्याकडेच्या चरात गेले नाही. हे तिच्यामुळे.

तिचा नवरा होल्गर गावाचा लाडका माणूस. शिकारीच्या टोळीचा म्होरक्या, उंच, गोष्टी सांगण्यात पटाईत. दुकानासमोर उभा राहिला की भोवती चारजण जमायचेच. कुणाचं छप्पर गळत असेल तर शिडी घेऊन पहिला हजर. स्वतःच्या घरचा नळ मात्र वर्षभर ठिबकत असायचा. एल्वी त्यावर हसायची. "माझा नवरा सगळ्या गावाचा आहे, मला फक्त धुवायला मिळालाय," असं म्हणायची. तेव्हा त्यात कडवटपणा नव्हता.

गाडी दोघांत एकच होती. आठवडाभर ती चालवायची, रविवारी तो घ्यायचा.

मग एके वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी होल्गरला शिकारीच्या झोपडीवर लोखंडी शेगडी पोचवायची होती. मदतीला त्याचा दोस्त आस्सार होता, गॅरेजवाला. शेगडी डिकीत मावेना म्हणून दोघांनी फळी उचकटली, पोती बाहेर काढली आणि झोपडीवर पोचल्यावर परत भरण्याऐवजी तिथेच ठेवली. दार वाऱ्यानं उघडत होतं, त्याला टेकण म्हणून. का परत भरली नाहीत? काही कारण नाही. अंधार पडला होता, भूक लागली होती, नंतर आणू म्हणाले. घरी आल्यावर होल्गर त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, कारण त्याच्या मते त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दिवशी हवा उबदार होऊन बर्फ वितळला होता आणि रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी रस्ता काचेसारखा झाला होता. एल्वीची पहिली फेरी हुल्दाकडे. हुल्दा ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, टेकडीपलीकडच्या घरात एकटी. तिला लापशीआधी इन्शुलिनचं इंजेक्शन लागायचं. एल्वी आली की ती गाडीच्या आवाजावरूनच ओळखायची आणि आतूनच ओरडायची, "उशीर केलास, आळशे." एल्वीला कधीच उशीर झालेला नसायचा.

वाटेतल्या पुलाच्या आधीच्या उतारावर गाडीचा मागचा भाग सुटला. एल्वीनं ब्रेक दाबला नव्हता. दुसरा गिअर, पाय हलका, स्टिअरिंग फिरवलेलं. जे मला शिकवलं तेच तिनं केलं. पण मागे धरून ठेवणारं काही नव्हतंच. गाडी आडवी होऊन चरात उतरली आणि एका सूचिपर्णी झाडावर आदळली. एल्वीच्या खांद्याचं हाड मोडलं, पाय अडकला. लाकडाच्या ट्रकवाल्याला ती दिसली तोवर उजाडलं होतं. ती त्याला सारखी सांगत होती, हुल्दाकडे कुणाला तरी पाठव. त्यानं आधी रुग्णवाहिका बोलावली, आणि त्याचंही चूक नव्हतं. निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी माझ्या दुसऱ्या घरी होते.

हुल्दा मला ओसरीच्या पायरीखाली सापडली. अंगात रात्रीचा झगा, पायात लोकरी मोजे, काठी लांब पडलेली. गाडीचा आवाज येत नाही म्हणून ऐकायला बाहेर आली असणार आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरली असणार. तिचा चेहरा रस्त्याकडे होता. मी तिच्यावर माझा कोट घातला. त्याचा उपयोग नाही हे कळत होतं, तरी घातला.

दवाखान्यात एल्वीला मीच सांगितलं.  ती म्हणाली, "मागचा भाग तरंगत होता. जा आणि डिकी बघून ये."

गाडी आस्सारच्या आवारात ओढून आणली होती. मी डिकी उघडली. फावडं होतं, दोर होता, पांघरूण नीट घडी घातलेलं होतं. पोती नव्हती. आस्सार गॅरेजच्या दारात उभा होता. मी त्याला विचारलं तर म्हणाला, त्याला काही ठाऊक नाही, आणि आत गेला.

होल्गर भेटायला गेला त्या दिवशी काय झालं ते एल्वीनं मला नंतर सांगितलं. तो द्राक्षं घेऊन आला होता. तिनं विचारलं, "पोती कुठं आहेत?"

"झोपडीवर. आणायची राहिली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"विसरलो गं. आणि पोत्यांनी काय एवढा फरक पडतो? रस्ताच तसला होता. कुणीही घसरलं असतं."

त्या सकाळी एल्वीच्या आधी त्या उतारावरून दुधाची गाडी गेली होती, टपालाची गेली होती. कुणी घसरलं नव्हतं. पण एल्वीनं ते त्याला ऐकवलं नाही. एवढंच विचारलं की लोकांना तू काय सांगतोस. तो म्हणाला, "लोकांना काय सांगायचंय? आठ दिवसांत विसरतात लोक."

पण लोक विसरले नाहीत, आणि त्यालाही त्याच्या परीनं बोलावंच लागलं. दुकानासमोर कुणी विचारलं की तो मान हलवायचा, सुस्कारा टाकायचा आणि म्हणायचा, "मी तिला किती वेळा सांगितलं होतं, उतारावर ब्रेक दाबू नकोस." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. लोकांना त्याची कीव यायची. बायकोच्या हातून माणूस गेलं आणि तरी बिचारा तिच्यावर रागावत नाही, असं बोललं जायचं. पोलीस आला, त्यानं टायर बघितले, ठीक आहेत म्हणाला आणि वेग रस्त्याच्या मानानं जास्त होता असं ठरवून गेला. डिकीकडे त्यानं बघितलं, पण त्यात पोती नसणं हा काही गुन्हा नव्हता.

हुल्दाच्या अंत्यविधीला एल्वी हात गळ्यात बांधून गेली. हुल्दाची मुलगी बेरित दाराशी सगळ्यांचे हात हातात घेत होती. एल्वी समोर आली तेव्हा तिनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

मी एल्वीला म्हटलं, सांगून टाक. एक वाक्य पुरेल.

ती म्हणाली, "आणि मग? आधी हुल्दाला मारलं, आता नवऱ्यावर ढकलतेय, असंच म्हणतील ना? त्याच्यासारख्या माणसावर?" मग म्हणाली, "त्यानं सांगायला हवं. मी सांगून काय उपयोग."

ती वाट बघत राहिली. कामावरून तिची फेरी काढून घेतली आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवलं. खांदा पुरता भरलाच नाही. हात कानाच्या वर जायचा नाही. घरात ती माडीवरच्या खोलीत झोपू लागली. होल्गरचं जेवण वेळेवर टेबलावर असायचं, कपडे धुतलेले असायचे, पण बोलणं नाही. तो शेजाऱ्यांना सांगायचा की अपघातापासून एल्वीच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय. माझी गाडी मात्र दर ऑक्टोबरात तीच येऊन तयार करायची. पोती मी उचलायची, ती बाजूला उभी राहून सांगायची आणि शेवटी स्वतः डिकीला कुलूप घालून किल्ली माझ्या हातात द्यायची. "ही कुणाला देऊ नकोस. नवऱ्याला तर मुळीच नाही." पुढे गाड्याच बदलल्या, पुढची चाकं ओढू लागली, आणि त्या कामाचीही कुणाला गरज उरली नाही.

पुष्कळ वर्षांनी होल्गर एका वसंतात लाकडं रचता रचता गेला. छाती धरून बसला, पुन्हा उठला नाही. चर्चच्या शेजारच्या दालनात कॉफीला गाव लोटलं होतं, बसायला खुर्च्या पुरेनात. प्रत्येकजण त्याची एकेक गोष्ट सांगत होता. एल्वी काळ्या कपड्यांत कॉफीची किटली घेऊन टेबलामागून टेबल फिरत होती.

बेरितही आली होती, आता तीही म्हातारी झालेली. तिनं एल्वीचा हात धरला आणि खाली बसवलं. आपल्याला राग धरून बसायचा कंटाळा आलाय असं म्हणाली. "मी तुला माफ केलंय, एल्वी. होल्गरकडे बघून केलंय. इतकी वर्षं त्यानं तुझं सगळं पोटात घातलं, तुझ्याविरुद्ध वावगा शब्द काढला नाही."

एल्वीनं किटली खाली ठेवली. "पोती त्यानं काढली होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शेगडी न्यायला. झोपडीवर ठेवली आणि मला सांगितलं नाही. मी ब्रेक दाबला नव्हता, बेरित."

 मी म्हटलं, हे खरं आहे, डिकी मी स्वतः बघितली होती. बेरितनं माझ्याकडे नीट बघितलंही नाही. तू तिची मैत्रीण, तू आणखी काय म्हणणार, म्हणाली. समोर आस्सार बसला होता. एल्वी त्याच्याकडे वळली. "तू होतास त्याच्याबरोबर. सांग."

आस्सारनं बशीतला केकचा तुकडा काट्यानं इकडून तिकडे केला. "इतकी वर्षं झाली, एल्वी," तो म्हणाला. "मला आता काय आठवणार. आणि आज हा दिवस आहे का असलं काढायचा?"

बेरित उठली. हातमोजे चढवत म्हणाली, "मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही म्हणून आज बोललीस ना?" आणि गेली. तिच्यामागून आणखी काहीजण उठले. उरलेल्यांनी हळूहळू पुन्हा होल्गरच्या गोष्टी काढल्या, आवाज जरा खाली ठेवून. आस्सारनं कप पुढे केला आणि एल्वीनं त्यात कॉफी ओतली.

घर तिनं त्याच उन्हाळ्यात विकलं आणि किनाऱ्यावरच्या शहरात बहिणीजवळ राहायला गेली. गावात आजही सांगतात की नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा तिनं त्या भल्या माणसाला सोडलं नाही. मी वाद घालत होते, आता घालत नाही. मधूनमधून तिला भेटायला जाते. शेवटचं गेले तेव्हा ती बसथांब्यापर्यंत मला सोडायला आली, आणि गावाचा विषय न काढता बस येईपर्यंत तिथल्या भाड्याच्या घरात ऊब कशी पुरत नाही एवढंच बोलत राहिली.