नदीसमोरची चूल

प्रिय मीरा आणि निखिल,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत, की येत्या सुट्टीत आफ्रिकेतल्या एका अभयारण्यात जाणार, नदीकाठच्या छावणीत उतरणार आणि खोली अगदी नदीसमोरची मिळाली आहे. मी "छान" म्हणून फोन ठेवला. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. तशाच एका छावणीत मी ऐन तरुणपणी गेले होते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गेले होते ती हौसाकाकीबरोबर. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. त्या नदीसमोर बसण्याआधी ती तुम्हाला माहीत असावी, म्हणून हे लिहिते.

हौसाकाकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. गाव कुंडल. उंचीने बेताची, आवाज मात्र वेशीपर्यंत पोचणारा. ती कधीही मागे बसत नसे. लग्नाची पंगत असो, कीर्तन असो, ती सरळ पुढे जाऊन बसायची. एकदा सांगलीला येताना सर्व्हिस मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा कुणा मामलेदारांसाठी राखून ठेवली होती. काकी तिथे जाऊन बसली.

"आवं मावशी, तुमी मागं जावा," क्लीनर म्हणाला.

"मागं ठेवायला मी काय केरसुनी हाय व्हय रं?"

मामलेदार मागे बसून आले. त्या वाक्यावर काकीने आयुष्य काढलं असं म्हटलं तरी चालेल. बेचाळीसनंतर आमच्या भागात भूमिगतांच्या शोधात पोलीस घरोघर फिरत होते. काकीच्या दारात आले, तर ही उंबऱ्यात उभी. "झडती घ्या, पर पायतान काडून. आत्ताच सारवलंय." त्यांनी बूट काढले आणि मगच आत गेले.

पण तुम्हाला खरी काकी कळायची तर त्याआधीची गोष्ट सांगायला हवी. काका वारले तेव्हा तिचा श्रीपती लहान होता. दिवसकार्य उरकल्यावर माझ्या दोन मधल्या काकांनी तिला सांगितलं, की पुढचा सोपा, म्हणजे घराची दर्शनी ओसरी, आम्हाला लागतो, तू गोठ्याकडच्या खोलीत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीने त्याच सोप्यात तीन दगड मांडले, शेणी रचल्या, जाळ केला आणि वर तवा ठेवला.

आमच्याकडे पेटत्या चुलीवर कोणी पाणी ओतत नाही. घरात माणूस गेलं तरच चूल थंड पडते. दुसऱ्याची चूल विझवायची म्हणजे त्याच्या घरात मरण चिंतायचं. त्यामुळे चूल जिथे पेटली, ती जागा त्या बाईची झाली. एक काका रागाने घागर घेऊन आले, तशी काकी भाकरी थापता थापता म्हणाली, "वता. माजं एकच पोरगं हाय. वता की."

घागर भरलेलीच परत गेली आणि सोपा काकीकडे राहिला.

तो श्रीपतीदादा पुढे पलटणीत ड्रायव्हर झाला आणि युद्धात आफ्रिकेला गेला. युद्ध संपल्यावर घरी आला, पण तिकडच्या रानाने त्याला ओढलं होतं. तो परत गेला आणि एका राखीव रानातल्या छावणीत लॉरी आणि विजेचं इंजिन सांभाळू लागला. पक्की नेमणूक आणि राहायला घर मिळायच्या बेतात होतं. ते मिळालं की आईला कायमची तिकडे न्यायची, असा त्याचा विचार. आधी तिने येऊन जागा तरी बघावी, म्हणून त्याने बोलावणं धाडलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मी सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकत होते. काकी आमच्या घरी आली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "भावजी, मालीला माज्यासंगं द्या."

"पोरीच्या जातीला इतक्या लांब?"

"आवं, तिच्या त्या इंग्रजीचं काय लोणचं घालायचंय व्हय?"

बोटीने मोंबासा, तिथून आगगाडी, मग दादाची लॉरी. काकीच्या ट्रंकेत जोंधळ्याचं पीठ आणि तवा होता. छावणीत आम्ही सकाळी पोचलो. रुंद नदी, काठाला गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या आणि पाण्यात पाणघोडे. काकी बराच वेळ बघत राहिली. "ह्यास्नी कुनी उटवत न्हाई वाटतं," ती म्हणाली. पलीकडच्या काठावर हत्ती उतरले, तेव्हा तिने हात जोडले आणि लगेच मला विचारलं, "एवड्यांचं शेन कोन भरतंय गं?"

दादाने आमची ट्रंक उचलली आणि तो झोपड्यांच्या मागे चालू लागला. आमची जागा पेट्रोलच्या कोठारामागे होती. तिथे खिडकी इंजिनाकडे उघडायची. नदीसमोरच्या झोपड्या गोऱ्यांच्या. त्यातल्या तीन रिकाम्या होत्या.

"शिरपा, हितं पुडं रिकामं हाय की."

"आये, ते आपल्यासाठी न्हाई. नियम हाय तसा. आता चार दिसांत माजी नेमनूक व्हायची हाय. तू काय बोलू नगंस."

"मी कुटं बोलतीया?" असं म्हणून काकी पुढच्या एका रिकाम्या झोपडीसमोर गेली. काठावरून तीन दगड आणले, वाळलेल्या काटक्या रचल्या आणि पीठ मळायला घेतलं. दादाचा चेहरा उतरला. त्याला कुंडलचा सोपा आठवला असणार, कारण तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा विनवू लागला. "आये, ऊठ. ही भाऊबंदकी न्हाई. माजी नोकरी जाईल गं."

तिने काडी ओढली.

छावणीचा साहेब आला. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर तो माझ्याशी बोलू लागला. काकीने मला बजावलं, "हाय तसं सांग. गूळ लावू नगंस."

साहेब म्हणाला, या झोपड्या तुमच्यासाठी नाहीत. काकीने विचारलं, "मंग कुनासाठी रिकाम्या ठेवल्यात? मांजरासाठी?" मी तसंच सांगितलं. साहेब लाल झाला आणि म्हणाला, हा सरकारी नियम आहे.

"आमच्याकडंबी हुतं ह्यांचं सरकार. गेलं बोटीत बसून."

हेही मी हुबेहूब सांगितलं. इतकं चांगलं इंग्रजी मी परीक्षेतही बोलले नव्हते. शेजारच्या व्हरांड्यात बसलेल्या एका गोऱ्या बाईने खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली. "बरं झालं," काकी म्हणाली, "भाकरीला दिष्ट न्हाई लागायची."

साहेबाने स्वयंपाकघरातल्या जुमाला बोलावलं. जुमा म्हातारा होता, तिथल्याच मुलखातला. पाण्याची बादली आणून चूल विझव, असा हुकूम झाला. जुमा बादली घेऊन आला. त्याने ते तीन दगड पाहिले, तव्यावरची भाकरी पाहिली, काकीकडे पाहिलं आणि बादली जमिनीवर ठेवून हात मागे बांधले. त्यांच्याकडेही चूल तीन दगडांचीच असते, हे दादाने मला नंतर सांगितलं. काकीला सांगावं लागलं नाही. तिने जुमाकडे बघून मान हलवली. तिच्या लेखी निकाल लागला होता.

तिथेच ती चुकली. साहेबाने स्वतः बादली उचलली आणि चुलीवर ओतली.

चर्र आवाज झाला आणि राखेचा लोट तिच्या लुगड्यावर उडाला. काकीचा हात पिठातच थांबला. मोठमोठ्या माणसांपुढे न वाकलेली ती बाई मला त्या क्षणी एकाएकी म्हातारी दिसली. ती साहेबाकडे बघतच नव्हती. ती दादाकडे बघत होती, तो उभा आहे ना, श्वास घेतोय ना, असं. "माजं एकच पोरगं हाय," ती पुटपुटली.

दादाने ते ऐकलं. इतका वेळ विनवण्या करणारा माणूस तो, पण त्याने कमरेची लॉरीची किल्ली सोडली आणि साहेबाच्या पायापाशी ठेवली. मग ओले दगड सदऱ्याने पुसले, हातभर पुढे, नदीच्या अंगाला सरकवून परत मांडले आणि गुडघे टेकून नव्या काटक्या रचल्या.

साहेब म्हणाला, "तुझी नोकरी गेली, कळतंय ना?"

"साहेबाला सांग माले," दादा मान वर न करता म्हणाला, "ते कळलं म्हनूनच किल्ली दिली. आता आमच्या उजेडातनं बाजूला हो म्हनावं."

मी सांगितलं. पाठीमागून जुमा आला आणि त्याने भटारखान्यातले निखारे पत्र्यावरून आणून दादासमोर ठेवले. त्याचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. दादाने फुंकर मारली. जाळ धरला. काकीने पीठ पुन्हा हातात घेतलं, तेव्हा तिचा आवाज परत आला होता: "बसा रं पोरांनो. नदीकडं तोंड करून बसा. ऐसपैस."

आम्ही भाकरी आणि चटणी खाल्ली. पुरती खाल्ली, घाईघाईने नव्हे. साहेब तिथून निघून गेला होता. मग भांडी घासली, ट्रंक भरली आणि एका व्यापाऱ्याच्या गाडीने निघालो. त्या झोपडीत आम्ही एक रात्रही राहिलो नाही.

सांगलीला माझे वडील संतापले. पोराची पक्की नोकरी घालवून काय मिळवलंस, असं त्यांनी विचारलं. काकी म्हणाली, "भावजी, पोरगं मिळालं. तिकडं ऱ्हायलं असतं तर जलमभर मागनं चाललं असतं." दादा पुढची काही वर्षं गुऱ्हाळांची इंजिनं दुरुस्त करत गावोगाव हिंडला. हाल झाले, ते मी लपवणार नाही. पण त्या दिवसाबद्दल तो कधी हळहळला नाही, आणि काकीनेही कधी माफी मागितली नाही. ती पिकल्या वयात, दादाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. शुद्ध हरपेपर्यंत सुनेला कामं सांगत होती.

दादाही आता नाही. उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला त्याने काढलेलं गॅरेज आहे. त्याची नात ते चालवते. तुम्ही त्या नदीसमोर बसाल, तेव्हा काकीला आठवा आणि ऐसपैस बसा.

तुमची आजी