दादाने कंपनी सोडली

गिऱ्हाइकं तिला रेंजताई म्हणायची. समोरच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलायचा, "ताई, रेंज नाही." मोबाइल कंपनीच्या दुकानात ती तक्रारीच्या काउंटरवर बसायची. ती नोकरीला लागली तेव्हा बाजारात कंपन्यांची नुसती झुंबड होती, सिमकार्डं फुकट वाटली जायची. मग काही बुडाल्या, काही विकल्या गेल्या. दोन दांडग्या उरल्या आणि तिसरी हिची, धापा टाकत चाललेली. नवे टॉवर उभे राहत नव्हते, जुने मान टाकत होते. दुकानातल्या माणसांनी एकेक करून काढता पाय घेतला. शिव्या खायला ही उरली. संध्याकाळी घरी गेली की तिला कुणाचाच आवाज नको वाटायचा, स्वतःचासुद्धा.

त्या दुपारी मान वर न करताच ती म्हणाली, "बोला."

"मीच आहे."

थोरला भाऊ होता.

"दादा? फोन करायचास की आधी!"

"लागला असता तर केला असता."

थोड्याच दिवसांपूर्वी वहिनी न्हाणीघरात घसरून पडली होती, पायाचं हाड मोडलं होतं. दादा फोन घेऊन आधी गच्चीवर धावला, मग रस्त्यावर. शेवटी शेजाऱ्याच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. रेंजताई रोज दवाखान्यात जात होती, पण त्या न लागलेल्या फोनचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नव्हता.

"तू इथे आहेस म्हणून धरून ठेवली होती ही कंपनी," दादा म्हणाला. "पण ती आत विव्हळत पडलेली आणि मी हात वर करून रस्त्यात नाचतोय. आता नाही गं जमत. नंबर तोच ठेवायचा तर मेसेज पाठवून कोड मागवा म्हणतात. तो मेसेजसुद्धा जाईना!"

निघालेल्या गिऱ्हाइकाला गळ घालायची, नवी स्कीम गळ्यात मारायची, असा नियम होता.

"दादा, सध्या आमच्याकडे..." तिच्या तोंडून सवयीने निघालं. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

"आण इकडे तो फोन."

काचेच्या दारापाशी त्यातल्या त्यात बरी रेंज होती. तिथे उभं राहून तिने स्वतःच मेसेज पाठवला. कोड आला.

"तुला कुणी बोलणार नाही ना?"

"बोलायला माणसं उरलीत कुठे?"

दोघंही हसली, पण हसण्यात काही दम नव्हता.

मॅनेजर तेवढा उरला होता. दादा गेल्यावर तो बाहेर आला. "थांबवलं का नाहीस?"

"भाऊ आहे माझा."

"माझ्या बायकोनेही कंपनी बदलली," तो हळूच म्हणाला. "वर कळू देऊ नकोस."

वहिनी दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी दादाच्या नव्या कार्डावरून तिचाच फोन आला.

"आता तू कधी बदलतेस?"

"काय? कंपनी की नोकरी?"

"दोन्ही."

"बघू गं. दुकान उघडतंय तोवर जायचं."

वहिनी आणखी काहीतरी म्हणाली, पण ते मधेच तुटलं. रेंजताईने परत फोन लावला नाही. दिवा न लावताच ती आडवी झाली.