तोंडबांध्या आणि साऱ्यांचा संसार

हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग, हे आमच्या केनवड गावच्या सिनेमाच्या तंबूतल्या बायकांत फक्त मला ठाऊक होतं, कारण मी शाळेत हिंदी शिकले होते. त्या ज्ञानाचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कापसाची वेचणी उताराला लागली की गावात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. मधे कनात, एकीकडे बाप्ये, एकीकडे बायका. मशीन एकच असल्यामुळे रीळ बदलताना सिनेमा थांबे. तेवढ्यात माझी काकू उभी राहून झालेली गोष्ट वऱ्हाडीत सांगायची, कारण पडद्यावरची भरभर हिंदी साऱ्याजणींना पेलत नसे. झालेली सांगून झाली की पुढची पण सांगायची. पडद्यावर तसं घडलं नाही तर चूक पडद्याची.

एका हिवाळ्यात उडणाऱ्या वीराचा सिनेमा आला. तोंडावर काळं फडकं, पाठीवर बैलासारखी झूल. बायकांनी पहिल्याच रिळात त्याचं नाव तोंडबांध्या ठेवलं. कड्यावर उभा राहून, कमरेवर हात ठेवून तो गरजला, “मुझे सारे संसार को बचाना है!”

काकू रीळ संपायची वाट न बघता उठली. “आयका वो बायाहो! मन्ते, मले साऱ्याईचा संसार वाचवाचा हाय.”

बायका सरसावून बसल्या. आजवर पडद्यावरचे बाप्ये गाणी म्हणायचे नाहीतर तलवारी चालवायचे. कामाचा माणूस हा पहिलाच. मागून कोणीतरी म्हणालं, “मंग आमच्या घरी काहून नाई येत थो?”

तिथून पुढे सगळी गोष्टच फिरली. खलनायकाकडे पृथ्वी जाळणारं यंत्र होतं. काकूच्या हिशेबी तो लोकांची घरं फोडणारा चहाडखोर. गुहेत कोंडलेली नायिका म्हणजे सासुरवाशीण. आणि खरं सांगते, आमचा सिनेमा मूळ सिनेमापेक्षा चांगला होता. त्या यंत्राने पृथ्वी का जाळायची हे खलनायकाला स्वतःलाही माहीत नव्हतं. घर का फोडतात हे मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तरी मी शाळा शिकलेली. घरी जाताना काकूला म्हटलं, “काकू, संसार म्हणजे जग. थो जग वाचवतो म्हणाला.”

काकू चालता चालता थांबली. “जग? जगाले काय होते व? थे तं हायच. मोडते थो संसार.”

यावर शाळेत उत्तर शिकवलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीपर्यंत फुगून बसले.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा दुसरा भाग आला, तोवर माझी थोरली बहीण माहेरी येऊन बसली होती. तिला रिठदला दिली होती. भावजी मऊ माणूस, मारणं नाही की शिवी नाही. पण घरात थोरल्या जावेचं राज्य, आणि ताईच्या हातचा चहासुद्धा तिच्या परवानगीनं उकळायचा. ताई म्हणाली, वेगळी चूल मांडा, नाहीतर मी येत नाही. भावजींनी हो म्हटलं आणि थोरल्या भावापुढे उभं राहायची हिंमत होईना म्हणून गप्प राहिले. बाजाराच्या दिवशी ते केनवडला येत, लांबून आमच्या घराकडे बघत आणि मिरच्या घेऊन परत जात. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

दुसऱ्या भागानं सगळ्यांना गोंधळात टाकलं. पहिल्यात हसणं-खिदळणं, मारामारी, मजा. यात तोंडबांध्या गच्चीवर पाऊस अंगावर घेत एकटा उभा राही, काही बोलेना. बाप्यांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेतला. आजकाल माझा नातू असल्या वीरांचे भागावर भाग बघतो आणि तक्रार करतो, “आजी, या वेळचा फारच रडका केलाय.” मला हसू येतं. तेव्हाही तेच भांडण होतं, फक्त आमच्याकडे काकू होती.

एक रीळभर ती विचार करत बसली. मग उठून म्हणाली, “काहून उदास हाय सांगू? साऱ्याईचे संसार नीट करते अन् सोताच्या घरी दिवा लावाले कोनी नाई.”

ताईनं पदर डोळ्याला लावला. बाप्यांना तो सिनेमा शेवटपर्यंत कळला नाही. आमच्या बाजूला मात्र तोच लाडका झाला. वेचणीला गेलं की ताई म्हणायची, “काकू, दुसरा भाग सांग.”

त्याच हंगामात तंबू उठायच्या आधी तिसरा आला. यात वीर बदललेला, बुटका आणि पोट सुटलेला. काकूला त्याचं काही वाटलं नाही. “तोंड बांधेल हाय. कोनीही चालते.”

त्या संध्याकाळी तंबूबाहेर काकूनं एक शिंग मोडलेला बैल ओळखला. भावजींचा! ते आत बाप्यांच्या बाजूला मफलरनं कानतोंड गुंडाळून बसलेले, सासुरवाडीच्या कोणी ओळखू नये म्हणून.

पडद्यावर तोंडबांध्या आपल्या गुरूला डोंगराखालच्या बाँबची लांबलचक माहिती देत होता. काकू उठली, पण या वेळी तोंड कनातीकडे.

“आयका! मन्ते, गुरुजी, म्या साऱ्या दुनियेचे संसार वाचवले, पन माही सोताची बायको मायेरी बसेल हाय. तिले वेगळी चूल पायजे, अन् मले मोठ्या भावाले सांगाची हिंमत होऊन नाई राह्यली.”

दोन्ही बाजूंनी हसण्याचा नुसता लोट उठला. पलीकडून कोणीतरी ओरडलं, “मंग गुरुजी काय मन्ते?”

“गुरुजी मन्ते, लेका, तुले उडता येते, अन् बोलता येत नाई काय?”

मी कनात उचलून पाहिलं. सगळे हसत होते आणि भावजी मान खाली घालून बसले होते. इतके दिवस राग होता, पण त्या क्षणी मला त्यांची दया आली. मग ते उठले आणि बाहेर निघून गेले.

ताई घरी येऊन काकूवर तुटून पडली. “चारचौघाईत त्याची इज्जत घेतली. आता थो कायचा येते? मोडला माहा संसार!” काकू त्या रात्री जेवलीसुद्धा नाही. जगाचं काही होत नाही म्हणणारी ती बाई सारा आठवडा दाराकडे बघत होती, आणि ताईही.

बाजाराच्या दिवशी बैलगाडी आली ती थेट आमच्या दारात. भावजी उतरले. तोंडाला काही बांधलेलं नव्हतं; डोळे लालभडक, सदऱ्यावर काजळी. वडील म्हणाले, “या जवाईबापू, बसा.” ते बसले नाहीत. सगळ्यांसमोर, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, ते सरळ ताईशी बोलले.

“दादाले सांगतलं. वेगळी चूल मांडली. पन पेटत नाई वो, निरा धूर होऊन राह्यला.”

ताई उंबऱ्यात उभी होती. काकूनं माझा हात घट्ट धरला होता.

“चुलीचं तोंड कोनीकडे केलं?” ताईनं विचारलं.

“वाऱ्याकडे.”

ताई हसली. इतक्या महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. “बैल सोडू नका,” ती म्हणाली आणि लुगडी बांधायला आत गेली.