माझ्याच जुन्या फौजेविरुद्ध

टेबलावरच्या लढाईत मी सहसा हरत नाही. बढाई वाटत असेल तर आमच्या गटातल्या कुणालाही विचारा. नऊ वर्षं मी एकच फौज घेऊन खेळत आले. बेचाळीस भालाईत, प्रत्येक जण अंगठ्याएवढा, हातात ढाल, ढालीवर करडा आणि शेवाळी रंग. ते टेकडीवर ढालीला ढाल लावून उभे राहिले की समोरच्याने येऊन आपटायचं आणि दमून परत जायचं. कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. सरळ रेघ मारायची आणि ती हलू द्यायची नाही, हे माझं रोजचंच काम आहे.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांना इतकंच सांगते, की आम्ही टेबल टेनिसच्या टेबलावर हिरवं कापड अंथरतो, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या आणि भांडी घासायच्या घासणीची झाडं मांडतो, आणि दोन्ही बाजूंना आपापले रंगवलेले सैनिक उभे करतो. कोण किती इंच चालणार ते टेपने मोजायचं, कोण पडणार ते फाशांवर ठरवायचं. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही पाच जण धायरीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. एक दाताची डॉक्टर, तिची सोसायटी असल्यामुळे हॉल मिळतो. दोघे आयटीवाले. मी. आणि काका.

काका माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी झाली, मूळचे वर्ध्याकडचे, निवृत्तीनंतर मुलाबरोबर याच सोसायटीत राहायला आले. दोन वर्षांपूर्वी ते सोसायटीच्या कमिटीतर्फे आमची तक्रार करायला आले होते, की टेबल टेनिसचं टेबल आम्ही अडवून ठेवतो. हातात वही, चेहरा कडक. तक्रार सांगून झाल्यावर त्यांची नजर टेबलावर गेली आणि ते तासभर तिथेच उभे राहिले. जाताना म्हणाले, "तुमचा पूल उघडा पडून राहिला आहे, कोणीच नाही तिथं." पुढच्या रविवारी पावणेदहाला हजर.

त्यांच्याकडे स्वतःची फौज मात्र नव्हती. तयार रंगवलेली विकत आणून आमच्यात चालत नाही, स्वतःच रंगवावी लागते, आणि काकांचा हात थरथरतो. एकदा त्यांनी एक शिपाई रंगवायला घेतला होता, त्याचे डोळे गालावर आले. डॉक्टरने आपली एक जुनी फौज देऊ केली तर म्हणाले, "फुकटचं नको." म्हणून दर रविवारी ते कुणाची ना कुणाची मागून घेऊन खेळायचे. खेळ संपला की एकेक सैनिक पुसून, मोजून, जसा मिळाला तसा परत करायचे. त्या मोजण्याकडे मी कधी नीट पाहिलं नाही, हे आता कबूल करायला हवं.

तर मला कंटाळा आला होता. जिंकण्याचाही कंटाळा येतो, विश्वास ठेवा. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चोवीस घोडेस्वार मागवले. हलके, चपळ, पाठीवर धनुष्य, एका डावात बारा इंच पळणारे. महिनाभर दुपारी पंख्याखाली बसून मी ते रंगवले, घोड्यांच्या खुरांपर्यंत. यजमानांनी बाल्कनीतून येता-जाता पाहिलं आणि विचारलं, "घरात एक फौज होती, आता दोन झाल्या. स्वयंपाक किती जणांचा करायचा, तेवढं सांगून ठेव." मी म्हटलं, घोड्यांचाही धरा.

नव्या फौजेसाठी आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो आठ वर्षांपूर्वी मीच केलेला आहे. तेव्हा जो तो दर महिन्याला नवी फौज आणायचा आणि अर्धी रंगवून सोडून द्यायचा. मी वैतागून एका कागदावर लिहिलं आणि हॉलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नवी फौज आणणाऱ्याने पहिली लढाई स्वतःच्याच जुन्या फौजेविरुद्ध खेळायची, जुनी फौज दुसरा कुणीतरी चालवेल. नवी जिंकली, तर जुनी द्यायची, ज्याच्याकडे फौज नाही त्याला. जुनी जिंकली, तर नवी वर्षभर कपाटात आणि मालकाने मुकाट्याने जुनीच घेऊन खेळायचं. या नियमानंतर हौशी खरेदी एकदम थंडावली.

आता गटात फौज नसलेले एकच होते, काका. आणि माझे भालाईत चालवायला त्या रविवारी तेच उभे राहिले. म्हणजे मी जिंकले तर भालाईत काकांचे. ते जिंकले तर मात्र त्यांना काहीच नाही, भालाईत परत माझ्या घरी.

"काका, तुमचं बेस्ट आहे," एक आयटीवाला म्हणाला. "हरलात की जिंकलात. आज जरा ढिले खेळा."

सगळे हसले, मीही हसले. काका हसले नाहीत. ते माझ्या भालाइतांना डब्यातून काढून एकेक करून मांडत होते, आणि प्रत्येकाची ढाल समोर येईल असं बोटाने फिरवत होते.

मी अगदी निर्धास्त होते. माझी फौज, तिचा स्वभाव माझ्या हाडात मुरलेला. डावी तुकडी, दहा जणांची, टेकडीच्या पायथ्याशी राहते आणि नऊ वर्षांत एक इंच हललेली नाही. मधले वीस टेकडीवर, उजवीकडे बारा. सहा डाव संपल्यावर टेकडी ज्याच्या ताब्यात तो जिंकला. मी घरीच कागदावर आखून आले होते, की उजवीकडून वळसा घालायचा, लांबून बाण मारत राहायचं, चौथ्या डावात टेकडी मोकळी. मी आखलेलं सहसा चुकत नाही.

पहिल्याच डावात काकांनी डावी तुकडी उचलली आणि पुढे आणली. टेकडी सोडून, उघड्यावर, टेबलाच्या मधून जाणाऱ्या ओढ्याच्या काठापर्यंत. दहा जण एकटे, ना आजूला कुणी ना बाजूला. दोघे आयटीवाले एकमेकांकडे पाहायला लागले. डॉक्टरने भुवया उंचावल्या.

मला कळलं. म्हणजे मला वाटलं की कळलं. काका हरायला निघाले होते.

पहिल्यांदा मला त्यांची कीव आली. लगेच राग आला, कारण मी महिनाभर खूर रंगवले होते ते कुणी दान केलेला विजय घ्यायला नव्हे. आणि खरं सांगायचं तर तळाशी थोडं बरंही वाटलं, की चला, त्यांना फौज मिळेल, माझ्या घोड्यांना टेबल मिळेल. या तिन्ही गोष्टी मनात एकदम आल्या की माझी जीभ आवरत नाही.

"काका," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मुद्दाम हरताय ना?"

त्यांनी हातातला टेप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, कारखान्याच्या खिडकीतून चुकीचा फॉर्म परत करताना माणूस पाहत असेल तसं.

"मॅडम, तुमची पाळी आहे," ते म्हणाले.

मग मी ते केलं जे मी वर्गात मुलांना कधी करू देत नाही. आखलेलं बाजूला ठेवलं. बाण नाही, वळसा नाही, मोजमापही धड नाही. चोवीसच्या चोवीस घोडे त्या दहा जणांवर घातले. म्हटलं, हरायचंच आहे ना, मग लवकर उरकू या, शोभा नको.

घोडे ओढ्यात उतरले. ओढ्यात घोड्यांची चाल निम्मी होते, हे मला ठाऊक होतं. हा नियमसुद्धा मीच समजावून सांगते, नवीन येणाऱ्याला. ते दहा जण काठावर ढाली लावून उभे राहिले आणि माझे पुढचे घोडे पाण्यात त्यांच्या भाल्यांना जाऊन भिडले. फासे टाकले, पाच घोडे आडवे. काकांचे दोन पडले. पुढच्या डावात मी मागे वळायचा प्रयत्न केला, तर पाण्यात वळता येईना, माझेच घोडे माझ्या वाटेत. तेवढ्यात टेकडीवरचे मधले वीस जण, जे नऊ वर्षांत फक्त उभे राहिले होते, उतार उतरून माझ्या डाव्या अंगाला आले आणि उजवीकडचे बारा दुसऱ्या अंगाला. मला माझीच माणसं ओळखू येईनात. ती चालत होती.

पाचव्या डावाला माझे सहा घोडे उरले होते. काकांनी तीन भालाईत सावकाश परत टेकडीवर नेऊन ठेवले. सहाव्या डावाची गरजच राहिली नाही.

डॉक्टर चहा सांगायला म्हणून बाहेर गेली, आणि दोघे आयटीवालेही अचानक तिच्या मदतीला गेले. तीन माणसं लागतात का चहा सांगायला! मला हरल्याचं वाईट वाटत होतं, पण तोंड वर करवत नव्हतं ते त्यामुळे नाही. एका सरळ माणसाला मी चारचौघांत लबाड म्हटलं होतं, आणि तो लबाडी न करता मला हरवून समोर बसला होता.

काका सैनिक पुसत होते. मऊ फडक्याने, आधी ढाल, मग भाला, मग तळ, आणि डब्यात आपापल्या खणात. सतरा-अठरा झाले तोवर मी सगळे फासे गोळा करून रांगेत लावले.

"माझं चुकलं," मी शेवटी म्हटलं. "तसं बोलायला नको होतं."

"होते असं," ते म्हणाले आणि एकोणिसावा उचलला.

"पण तुम्हाला ही फौज हवी होती ना?"

"हवी होती," ते म्हणाले. आढेवेढे नाहीत. "दोन वर्षांपासून हवी होती. दुसऱ्या कोणाची नाही, हीच."

"मग हरला का नाहीत?"

त्यांनी हातातल्या शिपायाकडे पाहिलं. "काहून हरू मॅडम? हे बिचारे इतकी वर्षं एका जागी उभे राहून राहिले. मी म्हटलं, आज माझ्या हातात आहेत तर एकदा चालू द्यावं त्यांना. आणि यांना पाडून यांनाच घरी न्यायचं? मग रोज यांच्याकडे कोणत्या तोंडानं पाहू?"

मला हेवा वाटला. दुसरा शब्द नाही त्याला. त्या बेचाळीस जणांचे नाक-डोळे मी काढले, पट्टे मी रंगवले, आणि त्यांना चालावंसं वाटत असेल हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

"घेऊन जा तुम्ही," मी म्हटलं. "नियम गेला खड्ड्यात."

काका उठले, कपाटाचं दार उघडलं आणि माझ्या कागदावर बोट ठेवलं. "अक्षर तुमचं आहे मॅडम. लिहिणाऱ्यानंच मोडलं तर बाकीच्यांनी काय करावं?" मग बेचाळीस मोजून झाले, डब्याचं झाकण लागलं आणि डबा माझ्यासमोर आला. घोडे त्यांनीच कपाटात ठेवले, वरच्या फळीवर, धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र घालून.

स्कूटरवर डबा पायाशी ठेवून मी घरी आले. यजमानांनी दारातच विचारलं, जिंकलीस? मी म्हटलं, माझी फौज जिंकली. ते म्हणाले, मग तोंड असं का? मी डबा घेऊन आत गेले.

पण मी हार मानून बसणाऱ्यातली नाही. आठवडाभर मी माझाच नियम पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. फौज माझ्याकडे राहील आणि टेबलावर तीच येईल, हे मी मान्य केलेलं आहे. पण दोन जणांनी मिळून एक फौज खेळवू नये असं त्यात कुठेच नव्हतं. रविवारी मी काकांना सांगितलं, वर्षभर हीच फौज, सैनिक माझे आणि हुकूम तुमचा. मी शेजारी बसून टेप धरेन. त्यांनी कपाट उघडून माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "बसतं नियमात."

त्याला आता सात रविवार झाले. पाच जिंकलो. मी टेप धरते, फासे गोळा करते आणि तोंड बंद ठेवते, जे माझ्या ओळखीच्या कुणाला खरं वाटत नाही. डावी तुकडी कुठे जाणार ते मला एकदाही आधी ओळखता आलेलं नाही. डबा काका घरी न्यायला तयार नाहीत, म्हणून तो माझ्याच स्कूटरवरून येतो-जातो.

मी सोसायटीत पोचते तेव्हा ते फाटकाशी उभे असतात. पावणेदहाही झालेले नसतात. मी हेल्मेट काढायच्या आत ते वाकून पायाशी ठेवलेला डबा दोन्ही हातांनी उचलतात आणि विचारतात, "आली का मंडळी?"

मी म्हणते, "आली." मग ते डबा घेऊन पुढे चालायला लागतात, आणि मी स्कूटर लावून एकटीच मागून जाते.