कपाटातली क्वार्ट्झची जोडी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायला आम्ही त्यातून अतिनील किरण सोडायचो. प्रथिन जास्त, तर किरण जास्त शोषले जाणार आणि यंत्रावरचा आकडा मोठा येणार. अट एकच होती, द्रावण क्वार्ट्झच्या नळीत हवं. साधी काच ते किरण स्वतःच गिळते. मग आत प्रथिन असो की पाणी, आकडा सारखाच.

क्वार्ट्झच्या नळ्यांची जोडी आमच्याकडे होती. महागडी. फुटली तर जाब मला विचारला जाणार, म्हणून ती मी कपाटात कुलूपबंद ठेवायचो आणि मुलांना काचेच्या नळ्या द्यायचो. कुणाचं अडत नव्हतं. मुलं आदल्या वर्षाच्या जर्नलमधले आकडे उतरवायची. मला ते ठाऊक होतं. खाली सही माझीच असायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत शाहूवाडीकडची एक मुलगी अडून बसली. एका डेअरीच्या प्रयोगशाळेत तिच्या नोकरीचं ठरलं होतं; पदवी हातात आली की रुजू व्हायचं. शेजारची मैत्रीण कुजबुजली, "उतरव की गं गप! लई शाणी हाईस व्हय?"

"यंत्र दावतंय तेच लिवणार मी."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा कागद वाचला. "पाण्याचं आणि प्रथिनाचं रीडिंग एकच? नवा शोध लावलात की बाई!" सगळी लॅब हसली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या खिशात होती.

"कच्चीच आहे जरा ती," मी म्हणालो.

ती नापास झाली. डेअरीवाल्यांनी दुसरी मुलगी घेतली. काही दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"नोकरी गेली सर. जाऊ दे. पण माझं चुकलं काय, तेवढं सांगा की."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तरी खरं सांगायला काय हरकत होती?

"नळी नीट पुसत नाहीस तू," मी म्हणालो. "बोटांचे डाग राहतात."

ती भांडली असती तर आज मला बरं वाटलं असतं. तिनं हात उलटेपालटे करून पाहिले. "व्हय सर, ऱ्हायले असतील," म्हणाली, आणि जाताना माझे आभार मानून गेली.